चौथा फेडर

साखर पेठेतल्या या खोलीत आधी दोन माग होते.
फरशीत बोल्ट अजून आहेत. टेबलाचा एक पाय
त्यातल्याच एकावर टेकवून मी मशीन मांडलंय :
आठ फेडर, नववा मास्टर,
हैदराबादहून आणलेलं, सेकंडहँड,
पाचव्याची मोटर सरकताना कण्हते.

राजव्वा दिकोंडाची तीन तेलुगू गाणी.
दिवसभर विड्या वळून ती रात्री नऊला आली,
माइकपासून हातभर लांब बसली,
कितीही सांगितलं तरी लांबच.
पहिल्यावर तिचा आवाज, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर ढोलकी,
चौथ्यावर टाळ, पाचव्यापासून पुढे तिच्या जावा.
आणि आठही ट्रॅकवर, न बोलावता,
शेजारच्या शेडमधली रात्रपाळी,
खटक्-खट, खटक्-खट.
मी ती चाळली, कापली, घासली.
दर वेळी राजव्वाचा श्वासही थोडा गेला.
शेवटी राहू दिली.

लोक म्हणतात, मिक्सिंग म्हणजे विणकामच की गं,
तुझ्या रक्तातच आहे.
नाही.
तिथे तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी लागते
आणि गाठ दिसली की मजुरी कापतात.
इथे अनडू आहे.

मे महिना. आवाज नको म्हणून पंखा बंद.
नायना आले, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन.
तीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली त्यांनी.
मी प्ले दाबलं, फेडर आपोआप सरकू लागले.
ते वाकले. "कार्ड कुठंय?"
मी पडद्यावरची रेघ दाखवली.
छिद्र नसलेल्या गोष्टीवर
किती विश्वास ठेवायचा, अशी मान हलवली.
एका मोटरीला किती पडतात ते विचारलं.
मग, "टाळ का नाही वाजवला?"
वाजतोय, नायना.
"कुठं?"

मी चौथा दाखवला.
त्यांनी बोट ठेवलं. मोटरीने लगेच अंग सोडलं,
बोट म्हणेल तसं.
मशीन टच मोडवर आहे, हे मी विसरले होते.
कडव्यामागून कडवं ते टाळ चढवत गेले,
ध्रुपदाला जरा खाली, ढोलकीला वाट देऊन.
माझे दात शिवशिवले.
"आता बरोबर," म्हणाले,
आणि चप्पल घालून गेले.

अनडूवर बोट होतं. दाबलं नाही.
कपाटातल्या फाईलीत त्यांच्या कानांचा आलेख होता,
सिव्हिलमध्ये काढलेला :
तीन हजारांपाशी रेघ विहिरीत पडल्यासारखी.
मी मास्टरवर एक फिल्टर टाकला,
तीन हजारांच्या वरचं सगळं काढलं,
मागांनी नेलं तेवढंच, अंदाजाने,
आणि त्यांनी केलेलं पुन्हा लावलं.

राजव्वा चादरीआड गेली.
तिचा स गेला, च गेला, त चा काठ गेला.
पण टाळ
ढोलकीला लागून, आवाजाच्या किंचित मागे,
असायला हवा तिथेच,
केसभर इकडे नाही.

मग माइक उघडला,
त्याच फिल्टरमधून स्वतःचं नाव म्हणून पाहिलं.
स्रवंती.
रवंती, ऐकू आलं.
हे नाव त्यांनीच ठेवलेलं.
त्यांना ते असं केव्हापासून ऐकू येतं,
कधी विचारलं नाही.

राजव्वाला पाठवलं त्यात टाळ खाली आहे.
तिला आवडलं. जावा जरा मोठ्या वाटतात, म्हणाली.

दुसरं ठेवलंय. नाव दिलं नाही, नुसती तारीख.
कधी शेजारचा माग थांबला की लावते.
पाचवा कण्हतो.
चौथा चढू लागतो, ध्रुपदाला थबकतो,
काहीतरी आठवल्यासारखा उतरतो,
पुन्हा चढतो.
मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते.
बोट लागलं
तर माझं लिहिलं जाईल.